आधी वही, मग मोबाइल

बचत गट म्हटलं की लोकांना सरकारी योजना आठवते. आमच्या अजिंठ्यात योजनेच्या आधीपासून बायकांची भिशी होती. दर महिन्याला पैसे जमायचे, चिठ्ठी निघायची, जिचं नाव येईल तिला रक्कम. पण बियाण्याला पैसे लागायचे जूनमध्ये आणि नंबर लागायचा दिवाळीनंतर. गट झाल्यावर हे बदललं. पैसा साठू लागला आणि जिची नड मोठी तिला आधी मिळू लागला.

असे सुटे गट गावोगावी होते. 1992 मध्ये नाबार्डने देशातले 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. 1999 मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. 2011 मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं, तेच आपल्याकडचं ‘उमेद’. आता गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ.

   तरी आमच्या गटाचं नाव आमचंच राहिलं. बदलले ते नियम.

दशसूत्री आली. आठवड्याला बैठक, आठवड्याला बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, वही पूर्ण. पुढे आरोग्य, शिक्षण वगैरे. कापूस वेचणीत आठवड्याला कोण बसणार, म्हणून बायका कुरकुरल्या. मग जेवणं उरकल्यावर बसायचं ठरलं. वही मी लिहिते, म्हणून सांगते, हा नियम सोन्यासारखा आहे. हप्ता चुकला तर आठ दिवसांत कळतं, आणि आठ दिवसांची चूक निस्तरता येते.

बँकेचं दारही त्यामुळेच उघडलं. वीस लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण लागत नाही. सावकाराचं शेकडा पाच महिन्याचं व्याज भरलेल्या बाईला याची किंमत विचारा.

पण कर्ज कुणाला, हे सतरंजीवरच ठरलं पाहिजे. एकदा दोघींचे अर्ज आले. एकीला मिरचीची रोपं आणायची होती, दुसरीला लेकीची नर्सिंगची फी भरायची होती. पैसे एकीपुरतेच होते. रोपंवालीच म्हणाली, “काकू, फी आधी भरा. मी रोपं उधारीवर आणते, नर्सरीवाला ओळखीचा आहे.” ही ओळख, ही उधारी वरच्या कुठल्या तक्त्यात दिसणार?

आता नोंदी अभियानाच्या लोकोस अ‍ॅपवर जातात. हिशेब वरपर्यंत दिसतो, ते चांगलंच आहे. काळजी एवढीच की नोंद संपली की बैठक संपली, असं होऊ लागलंय. आमच्यात काहींना वाचता येत नाही. वही मोठ्याने वाचली की त्या लगेच बोलतात, “माझे दोनशे होते, शंभर नाही.” मोबाइल वाचून कुणी दाखवत नाही. म्हणून ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: प्रत्येक गटाने आधी वही सगळ्यांसमोर वाचायची, सह्या-अंगठे घ्यायचे, मगच मोबाइल हातात घ्यायचा.