घरदार सोडून निघालेली मंडळी

१८ मे १८४३ रोजी एडिंबरातल्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चची महासभा भरली होती. महासभेचे मावळते अध्यक्ष (मॉडरेटर) डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचलं, टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर पडले. पाठोपाठ पाळकांची रांग निघाली ती थेट टॅनफील्ड हॉलपर्यंत. तिथे थॉमस चाल्मर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड उभं राहिलं. बाराशेच्या आसपास पाळकांपैकी ४७४ जणांनी पगारावर आणि राहत्या घरावर पाणी सोडलं.

भांडण धर्मतत्त्वांचं नव्हतं. गावचा पाळक कोणी नेमायचा, एवढाच सवाल होता. १७१२च्या कायद्याने तो हक्क जमीनदारांकडे गेला होता. ऑक्टरार्डर गावात ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी उमरावाचा उमेदवार नाकारला. तरी न्यायालयांनी उमरावाचीच बाजू घेतली.

बाहेर पडलेल्यांना कित्येक जमीनदारांनी चर्चसाठी जागाच दिली नाही. स्ट्रॉन्टियनच्या मंडळीने मग खाडीत नांगरलेल्या लोखंडी तराफ्यावर उपासना चालवली. चाल्मर्स यांनी सामाईक निधी काढला: श्रीमंत मंडळ्यांच्या वर्गणीतून गरीब गावच्या पाळकालाही पगार मिळे.

भारतातले स्कॉटिश मिशनरीही नव्या चर्चकडे आले. त्यांत मुंबईचे जॉन विल्सन होते. नागपूरला स्टीफन हिस्लॉप याच चर्चतर्फे आले. मुंबईचं विल्सन कॉलेज आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ही नावं त्यांचीच.

मात्र ‘फ्री’ म्हणजे सरकारशी फारकत नव्हे. राज्यसत्तेने धर्माला आधार द्यावा, पण त्याच्या कारभारात लुडबूड करू नये, असं चाल्मर्स मानत. हाच मुद्दा पुढे अंगाशी आला. १९०० मध्ये बहुतेक मंडळींनी युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी हातमिळवणी केली. त्या चर्चला सरकारी आधार मुळातच नको होता. हायलँड्समधल्या मूठभर पाळकांनी विलीनीकरण नाकारलं आणि खटला भरला. मूळ तत्त्व यांनीच राखलं, असं ठरवून १९०४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने अख्खी मालमत्ता त्यांना बहाल केली. एवढी चर्चं चालवायला त्यांच्याकडे माणसंच नव्हती. अखेर पुढच्या वर्षी संसदेला कायदा करून वाटणी करावी लागली.

जमीनदारांचा नेमणुकीचा हक्क तर १८७४ मध्येच रद्द झाला होता. १९२९ मध्ये विलीन झालेल्यांपैकी बहुतेक राष्ट्रीय चर्चमध्ये परतले. उरलेलं फ्री चर्च आजही आहे. २००० मध्ये त्यातही फूट पडली. वेगळ्या निघालेल्या गटाने मालमत्तेसाठी दावा लावला, तो २००५ मध्ये फेटाळला गेला.