जुन्या जीपचे पाटे

कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्याने एखादी जुनी फोर-व्हील जीप गेली, की खड्ड्यागणिक खालून करकर ऐकू येते. तो आवाज पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा. महिंद्राने भारतात जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून कित्येक वर्षे तिचा भार पाट्यांनीच पेलला.

मग एकच जाड पाटा का नाही? पाटा दुप्पट जाड केला, की तो आठपट ताठ होतो आणि गाडी दणके देते. पातळ पाट्यांची चवड मात्र वहीच्या पानांसारखी एकमेकांवर सरकत वाकते. त्या घासण्यात धक्क्याचा थोडा जोरही जिरतो. सर्वाधिक ताण मधोमध, अॅक्सलपाशी येतो; म्हणून खालचे पाटे आखूड असतात.

भार पडला, की पाट्यांची कमान सपाट होऊन लांबते. त्यासाठी तिचे एक टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या दुव्याला, अडकवलेले असते.

जुन्या मापाचा पाटा मिळाला नाही, तर घडवावा लागतो. स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी लालभडक तापवून तिला कमान देतात, मग तेलात विझवतात. आता ती कडक, पण ठिसूळ असते. पुन्हा साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसला तापवली, की चिवट होते.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारले, तर सांध्यालगतचा हा चिवटपणा जातो आणि पाटा बहुधा तिथेच पुन्हा मोडतो.