मालिका-कलावंतांची मिळकत

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या चित्रीकरणस्थळी कल्याण-डोंबिवलीहून येणारा मालिकेतील नट मासिक वेतनावर नव्हे, तर प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या दिवसांवर मेहनताना मिळवतो. आणि तोही प्राप्तिकराची कपात होऊन, बहुधा ९० दिवसांच्या मुदतीनंतर हाती येत असल्यामुळे, घरभाडे व कर्जाचे हप्ते यांची तजवीज त्याला शिलकीतून किंवा उसनवारीने करावी लागते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चित्रीकरण थांबताच ही मिळकतही खुंटली. एरवीही काम किती काळ टिकेल याची खात्री नसते: दूरचित्रवाणीवर मालिकेचे आयुष्य टीआरपी, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे मोजमाप, ठरवते. ओटीटीवर मात्र पहिल्या पर्वानंतर दुसरे निघेल की नाही, हा निर्णयच महिनोनमहिने लांबतो, आणि तोवर नटाच्या तारखा अनिश्चित राहतात. म्हणूनच मोबदल्याची मुदत करारनाम्यात स्पष्ट नोंदवली जाणे, ही न्यायाची पहिली पायरी होय.