पुडिंग आणा, तोवर हलत नाही!

नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो गव्हाणीतला बाळ येशू, दारावरची चांदणी आणि मेणबत्त्यांचा मंद उजेड. कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, तीही अशीच सोज्ज्वळ असणार असे आपण धरून चालतो. पण ‘वी विश यू अ मेरी ख्रिसमस’ या लाडक्या गाण्याचे शब्द तुम्ही कधी नीट ऐकले आहेत का? त्यात ना येशू आहे, ना देवदूत. शुभेच्छा देऊन झाल्या की ही मंडळी सरळ पुडिंग मागतात आणि ते मिळेपर्यंत दारातून हलणार नाही असे बजावतात! आपल्याकडे शिमग्याची पोस्त मागणारी पोरे अडून बसतात ना, अगदी तसेच. (हे पुडिंग नावाला अंजिराचे, त्या भागातल्या बोलीत मनुकांनाही अंजीरच म्हणत.)

गाणे इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातले, रचणारा अज्ञात. ब्रिस्टलचे ऑर्गनवादक आर्थर वॉरेल यांनी १९३५ साली ते समूहगायनासाठी बसवले. पुढे १९६१च्या ‘कॅरोल्स फॉर क्वायर्स’ या संग्रहात ते आले आणि गायकवृंदांच्या तोंडी बसले.

गंमत खरी, पण तिच्यामागे भूक आहे. पूर्वी कडाक्याच्या थंडीत शेतावरची कामे कमी होत. मग गरीब मजूर टोळीने श्रीमंतांच्या दारी जाऊन गात आणि खाणे, बिअर, चार नाणी मिळवीत. एरवी जिथे मान खाली घालून उभे राहायचे, तिथे वर्षातून एकदा हक्काने मागायची ही सोय. ग्लॉस्टरशायरच्या अशाच एका गाण्यात घरच्या बटलरला चांगली बिअर दिल्यास स्वर्ग मिळो म्हटले आहे. पाणचट दिली तर मात्र त्याला सैतानाच्या हवाली केले आहे!

हा धुडगूस धर्मनिष्ठ प्युरिटनांना मुळीच रुचत नसे. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९पासून त्यासाठी ५ शिलिंग दंड होता.

आज तेच गाणे सभागृहात, चार सुरांत, इस्त्रीच्या कपड्यांतली मंडळी गातात. पोटभर जेवून आलेले श्रोते टाळ्या वाजवतात. पुडिंग मात्र कोणीच आणत नाही.