पाय जरा कॅमेऱ्याकडे, आजी

पाऊस सकाळपासून धरून आहे. साखरप्याजवळच्या या गावात लावणी ऐन भरात आली आहे, म्हणून उपकेंद्राच्या पडवीत आज माणसं थोडी, आणि जी आहेत त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल. आत दोन खोल्या. एकीत लसींची पेटी, वजनकाटा, तपासणीचा पलंग. दुसरीत टेबलावर लॅपटॉप, त्याला लावलेला छोटा कॅमेरा, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर. खिडकीच्या फटीतून एक वायर आत आलेली आहे. ती ग्रामपंचायतीच्या इंटरनेटची. इथे मोबाईलची रेंज वडाच्या पारावर मिळते, खोलीत मिळत नाही. पेशंटला पारावर बसवून तपासणार का, असं इथल्या सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी, मॅडमनी ग्रामसभेत उभं राहून विचारलं, तेव्हा कुठे ही वायर पंचायतीतून इथवर आली. इन्व्हर्टर त्याच्या नंतर.

आशाताई एका आजींना हाताला धरून घेऊन येतात. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, गोळ्या कधी चालू कधी बंद. त्या खाचराच्या कडेला तरव्याच्या मुठी बांधत बसल्या होत्या, तिथून आशाताईंनी त्यांना उठवून आणलं आहे. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर चिखल वाळलेला.

"कधी लागलं, आजी?"

"लागलं कंदी ता कळलाच नाय. रगत दिसला तवा बगितला."

मॅडम मान वर करून आशाताईंकडे बघतात. लागलेलं कळलंच नाही, हे ऐकून दोघींच्याही चेहऱ्यावर काळजी येते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते. काटा रुतो, खडा लागो, माणूस चालत राहतो.

फडकं सोडवतानाच आजी आपलं म्हणणं मांडून मोकळ्या होतात, "मना सिव्हिलला धाडू नको हा. दिस मोडतो."

हा हट्ट मला अजिबात अडाणीपणाचा वाटत नाही. इथून रत्नागिरीचं सिव्हिल पन्नासेक किलोमीटर. सकाळची एसटी पकडायची. दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा करत उतरायचं, रिक्षाने सिव्हिल गाठायचं. मग केसपेपरची रांग, ओपीडीची रांग, रक्त द्यायची रांग. आज यायचे ते डॉक्टर रजेवर असले तर पुन्हा हेच सगळं. एका म्हाताऱ्या माणसाच्या तपासणीत दोन माणसांचा दिवस जातो, आणि लावणीतला गेलेला दिवस पुढे कधीच भरून निघत नाही. त्यातून दुसरं माणूस आणायचं कुठून? २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार माणसं होती, २०११ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती तेव्हा हा जिल्हा रिकामा होत होता. दर १००० पुरुषांमागे ११००हून अधिक स्त्रिया, हा इथला आकडा चाकरमान्यांचा आहे. गावात उरल्या त्या म्हाताऱ्या, आणि त्यांना सिव्हिलला नेणारे हात मुंबईत.

मॅडम जखम सलाईनने धुतात. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याकडे, रुपयाएवढी. साखर मोजतात, २९० येते. बीपी, नाडी, ताप बघून सगळं लॅपटॉपवर भरतात. या आयुर्वेदाच्या पदवीधर. राज्यातल्या बहुतेक सीएचओ अशाच, बीएएमएस करून वर सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेल्या. पडद्यावर ई-संजीवनीचं पान उघडतं. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ही केंद्र सरकारची सेवा नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत लोकांना घरूनही डॉक्टरांशी बोलता येऊ लागलं. पण घरून बोलायला लागतो तो स्मार्टफोन, डेटा, आणि आपल्याला काय होतंय ते सांगता येण्याची सवय. आजींकडे बटणांचा फोन आहे. त्यांच्यासाठी खरी उपयोगाची ती दुसरी वाट: उपकेंद्रातून सीएचओने जोडून द्यायची, आणि पलीकडे डॉक्टर.

नोंदणीला मोबाईल नंबर लागतो. आशाताई न विचारताच स्वतःचा सांगतात.

थोडं थांबावं लागतं. रांग इथेही आहे, पण खुर्चीत बसून आणि पंख्याखाली. मग पडद्यावर डॉक्टर दिसतात.

"नमस्कार आजी. काय त्रास?"

आजी पडद्याकडे न बघता मॅडमकडे बघून उत्तर देतात. डॉक्टर प्रश्न विचारतात, आजी मॅडमना सांगतात, मॅडम डॉक्टरांना. "चालताना पिंडरी भरून येते का?" हा प्रश्न मॅडम थोडा फिरवतात, "आजी, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसावं लागतं का?" "बसतंय तर! दोनदा." पलीकडे डॉक्टर लिहून घेतात.

"पाय दाखवा."

"पाय जरा कॅमेऱ्याकडे, आजी."

आजी संकोचतात. कुणाकडे पाय करायचा नसतो, मग डॉक्टरकडे कसा करायचा? मॅडम खुर्चीवर स्वतःची ओढणी घडी करून ठेवतात, त्यावर टाच टेकवतात, आणि लॅपटॉप उचलून स्वतःच पायाकडे नेतात. चित्र फुटतं, थबकतं, पुन्हा जुळतं. जखमेचा रंग कळत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मॅडम मोबाईलवर फोटो काढून लॅपटॉपवरून पाठवतात.

"आता ठीक दिसतंय. कडा लाल आहेत. गरम लागतंय का आजूबाजूला?"

मॅडम हाताची पालथी बाजू आधी डाव्या पायाला लावतात, मग उजव्या. "हो सर, उजवा गरम आहे."

"पावलावरची नाडी?"

मॅडम पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवतात. खोलीत पावसाशिवाय आवाज नाही. "लागतेय. डावीपेक्षा मंद."

"वास येतोय का?"

आणि मॅडम गुडघे टेकून खाली बसतात, चेहरा जखमेजवळ नेतात. "नाही सर. वास नाही. पू थोडा आहे."

मी हे बघतो आणि मनाशी म्हणतो, या सगळ्या यंत्रणेचा जीव इथे आहे. मोहालीचं सॉफ्टवेअर, पंचायतीची वायर, डॉक्टरांची विद्या, सगळं त्या एका वाकण्यावर टेकलेलं आहे. कॅमेऱ्याला ऊन-गार कळत नाही, त्याला नाक नाही. ते हात आणि ते नाक सरकारने उपकेंद्रात नेमलं आहे, म्हणून ही भेट तपासणी ठरते. महिन्याला किती टेली-कॉल झाले याचा हिशेब वर मागितला जातो. किती माणसांची फुकटची खेप वाचली, आणि ज्याला खरंच जायला हवं होतं तो किती लवकर पोचला, हेही कुणीतरी मोजायला हवं. तो आकडा मागणारा अधिकारी जिथे असेल तिथल्या उपकेंद्रांत काम वेगळं दिसेल, याबद्दल मला शंका नाही.

डॉक्टर आता आजींशी बोलतात, जरा मोठ्याने. "आजी, गोळ्या सुरू करतोय, पण हे गोळ्यांवर थांबणारं नाही. उद्याच सिव्हिलला यायचं. सर्जनने बघायला हवं. चिखलात पाय नाही."

आजी गप्प.

"मॅडम, मी सर्जरीच्या ओपीडीला सांगून ठेवतो. ई-संजीवनीची चिठ्ठी प्रिंट करून द्या, जुनी गोळ्यांची पाकिटं बरोबर द्या."

आजी तीनदा जाणार होत्या, ते एकदावर आलं. कुठल्या खोलीत जायचं, कुणाला भेटायचं, काय घेऊन जायचं, हे आधी ठरलं. रत्नागिरीत २०२३ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं गेलं. गावातल्या माणसाला त्यातून एवढंच हवं असतं, की तिथपर्यंत पोचल्यावर आपला डॉक्टर भेटावा.

आता दुसरं काम. भरती करावं लागलं तर आयुष्मान कार्ड हवं. सत्तरीवरच्या सगळ्यांना, मिळकत न बघता, पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४पासून आहे. आजींचं कार्ड अजून निघालेलं नाही. आशाताई ॲप उघडतात. बोटाचा ठसा लागत नाही. एक बोट, दुसरं, अंगठा. आजींनी आयुष्यभर काजू फोडले आहेत, त्या टरफलाच्या तेलाने बोटांवरच्या रेषा कधीच्या खाल्ल्या. चेहऱ्याने ओळख पटवायचा प्रयत्न होतो, पण खोलीत या पावसाळी उजेडात चेहरा धरला जात नाही. उरला ओटीपी. आणि आधारला जोडलेला नंबर आजींच्या मुलाचा. तो मुंबईजवळ दिव्याला राहतो.

मला वाटतं, कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचा सरकारदरबारचा रस्ता सध्या असा दिवा, नालासोपारा, विरारवरून फिरून येतो. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांनी म्हाताऱ्याचा फोन म्हाताऱ्याच्याच खिशात धरला होता.

आशाताई पारावर जाऊन फोन लावतात, छत्री मानेत अडकवून. पहिला ओटीपी येतो तेव्हा मुलगा कामावर, फोन उचलत नाही. वेळ संपते. दुसऱ्यांदा उचलतो. आशाताई पारावरून ओरडून सहा आकडे सांगतात, पडवीत उभी असलेली एक मुलगी ते आत ओरडते, मॅडम भरतात. लागतो. पुढचे टप्पेही पार पडतात, आणि कार्ड मंजुरीला जातं.

"तुमच्या आईच्या आधारला जोडलेला नंबर देवरुखला जाऊन बदलून घ्यायला हवा," आशाताई अजून फोनवर आहेत, "दर वेळी मी कुठे तुम्हाला शोधू? आणि ऐका. उद्या त्यांना सिव्हिलला न्यायचंय."

मग आशाताई पाटीवर लिहिलेली यादी बघतात. सोनोग्राफीला जायची एक गरोदर बाई आहे, मोतीबिंदूची तारीख मिळालेले एक आजोबा आहेत. तिघं मिळून एक जीप परवडते. सकाळी सातला निघायचं. जीपवाल्याला फोन जातो.

लावणीचं काय, हा प्रश्न आजी पुन्हा काढतात. पडवीतली एक बाई म्हणते, "आमी घालू गो तुजी लावनी. दोन खाचरं तर हायत."

आशाताई पारावरचा फोन संपवून आत येतात. "आजी, तुमचा मुलगा विचारतोय, उद्या कुठल्या दारातून आत यायचं. रात्री कोकणकन्या पकडतो म्हणतोय, सकाळी परस्पर सिव्हिलला येईल."

मॅडम चिठ्ठीच्या मागे लिहायला घेतात: सर्जरी ओपीडी, साडेआठ, केसपेपर मुलाने काढून ठेवावा.