जालना जिल्ह्यातील महाविद्यालयीन युवक व राष्ट्रीय सेवा योजना : नोंदणीकडून सहभागाकडे

प्रस्तावना :
महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास साधणे हे तिचे उद्दिष्ट होय. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित कार्य करावे व सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी तिची रचना आहे. नोंदणी झालेला विद्यार्थी खऱ्या अर्थाने स्वयंसेवक कसा होईल, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

नोंदणीचे बदलते स्वरूप :
१९७३ मध्ये, महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना, विशेष शिबिरांसाठी 'दुष्काळाविरुद्ध युवक' हा विषय देण्यात आला होता. गरज डोळ्यांसमोर असल्यामुळे सेवेचे प्रयोजन वेगळे सांगण्याची आवश्यकता नव्हती. पुढील काळात प्रमाणपत्र व सवलतीचे गुण ही नोंदणीमागील महत्त्वाची कारणे ठरली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात या योजनेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक प्राप्त झाले आहेत. त्यामुळे विद्यार्थी मिळविणे सुलभ होईल. तथापि श्रेयांकासाठी केलेल्या सेवेत 'स्वयंप्रेरणा' कितपत उरते, हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी :
१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५९,०४६ असून सुमारे ८१ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. साहजिकच येथील अनेक विद्यार्थी शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील आहेत. सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातील उपस्थिती घटते. एस.टी.च्या वेळेवर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थिनीस सायंकाळच्या उपक्रमासाठी थांबता येत नाही. अशा अनुपस्थितीस अनास्था समजणे अन्यायकारक होय.

कडवंचीचा बोध :
जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली मृद व जलसंधारणाचे काम झाले. या कार्यक्रमात गावाने प्रथम श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, अशी अट होती. काम आपल्याच शिवारात होते व त्याचे फळ विहिरींच्या पाण्यात दिसणार होते. पुढे हे गाव शेततळी व द्राक्षबागांसाठी ओळखले जाऊ लागले. श्रमाचा परिणाम श्रम करणाऱ्यास दिसला पाहिजे, हा यातील बोध होय. याउलट सात दिवसांच्या शिबिरात खोदलेल्या चराकडे पुन्हा कोणी फिरकले नाही, तर स्वयंसेवकाच्या व गावाच्याही मनात त्या श्रमाचे मोल उरत नाही.

उपाययोजना :
१. दत्तक गाव प्रतिवर्षी न बदलता किमान तीन वर्षे एकच ठेवावे. मागील वर्षीच्या कामाच्या पाहणीने नवे शिबिर सुरू करावे.
२. कामाची निवड ग्रामस्थ व स्वयंसेवक यांच्या संयुक्त बैठकीत व्हावी.
३. वार्षिक १२० तासांचे नियोजन पेरणी व सुगीचे दिवस वगळून करावे. विद्यार्थ्याने स्वतःच्या गावी केलेली विहिरींच्या पातळीची नोंद किंवा प्रौढांना दिलेले अक्षरज्ञान यांचाही त्यात समावेश करावा.
४. विद्यार्थिनींसाठी उपक्रम दिवसा ठेवून पालकांशी पूर्वसंवाद साधावा.
५. द्वितीय वर्षाच्या स्वयंसेवकांकडे गटाचे नेतृत्व, हिशेब व अहवाललेखन सोपवावे. केवळ आज्ञापालनाने आपुलकी निर्माण होत नाही. जबाबदारीने ती होते.

निष्कर्ष :
गुण व श्रेयांक विद्यार्थ्यास योजनेच्या दारापर्यंत आणतात. त्याला आत टिकवून ठेवण्याचे कार्य विश्वास, जबाबदारी व दृश्य फलित यांनाच करावे लागते. म्हणून वार्षिक अहवालात नोंदणीच्या संख्येबरोबरच द्वितीय वर्षी किती स्वयंसेवक स्वेच्छेने परतले व मागील वर्षीचे काम आज कोणत्या स्थितीत आहे, याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने करणे अगत्याचे आहे.