गोळी थांबल्यावरही न थांबणारे परिणाम

नैराश्य आणि चिंताविकारांवर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांमुळे सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे चेतापेशींत होणारे पुनर्शोषण रोखले जाते आणि दोन पेशींमधील फटीत ते अधिक काळ टिकून राहते. या औषधांनी असंख्य रुग्णांना सावरले आहे, हे मान्य करूनच त्यांच्या एका उपेक्षित बाजूकडे पाहावे लागते. मळमळ, झोपेतील बदल, कामेच्छा मंदावणे हे दुष्परिणाम औषध शरीराबाहेर गेले की ओसरतात, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र ते महिनोन्‌महिने, क्वचित अनेक वर्षे रेंगाळतात.

यांपैकी सर्वांत कमी बोलला जाणारा प्रकार म्हणजे औषध बंद केल्यानंतरही टिकणारा लैंगिक बिघाड. त्यात कामेच्छा नाहीशी होते, जननेंद्रियांना बधिरता येते, संभोगसुखाची तीव्रता हरपते आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला भावनाही बोथट होतात. २००६च्या सुमारास अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. परंतु औषधाच्या माहितीपत्रकात या शक्यतेची नोंद करावी, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने केली ती थेट २०१९मध्ये. नैराश्यातही कामेच्छा घटत असल्यामुळे तक्रारीचे खापर मूळ आजारावर फोडणे सोपे जाते. तथापि, स्पर्शाची बधिरता हे नैराश्याचे नेहमीचे लक्षण नव्हे, आणि रुग्णाने संकोचामुळे सांगितले नाही तरी डॉक्टरांनी त्याविषयी नेमके विचारणे अगत्याचे आहे. या विकारावर खात्रीचा उपचार अद्याप उपलब्ध नसल्याने, हमखास गुणाची जाहिरात करणाऱ्यांपासून रुग्णाने दूर राहिलेलेच बरे.

औषध सोडताना उद्भवणाऱ्या त्रासाचा प्रश्न याहून वेगळा आहे. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्याची संवेदना, चिडचिड, रडू कोसळणे ही लक्षणे मात्रा कमी केल्यावर थोड्याच दिवसांत दिसू लागली, तर ती आजार उलटल्याची नसून औषध सोडल्याची असण्याचा संभव अधिक असतो. याच गटातील पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर बाहेर पडते म्हणून त्याचा त्रास जास्त जाणवतो, तर फ्लुऑक्सेटिन संथपणे उतरत असल्याने त्याचा तुलनेने कमी. मात्रा निम्मी केली की परिणामही निम्मा होतो, ही समजूत येथे फसवी ठरते. २०१९मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमांवरून मांडलेल्या हिशेबानुसार सिटॅलोप्रॅम या एसएसआरआयची २० मिलिग्रॅमची मात्रा सेरोटोनिन शोषणाऱ्या वाहक प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के व्यापते, पण ५.४ मिलिग्रॅम एवढी अल्प मात्राही जवळपास ६० टक्के व्यापते. साहजिकच वरच्या पायऱ्या सहज उतरता येतात आणि ज्या टप्प्याला ‘आता काय, उरलंय तरी किती’ असे म्हणून गोळी सोडून दिली जाते, नेमका तोच सर्वांत उभा उतार असतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या अधिकाधिक लहान ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी कधी कित्येक महिने जातात.

भारतात एस्सिटॅलोप्रॅम हे एसएसआरआय आणि क्लोनॅझेपाम हे चिंताशामक औषध एकाच गोळीत सर्रास मिळतात, त्यामुळे ‘सवय लागेल’ या धास्तीने घरच्यांनी परस्पर गोळी बंद केली की एकाच वेळी दोन औषधे तुटतात. क्लोनॅझेपाम एकाएकी थांबवल्याने अपस्मारासारखे झटकेही येऊ शकतात. असे धाडस डॉक्टरांना न विचारता करू नये. त्रास रेंगाळत असेल, तर कोणत्या तारखेला मात्रा किती बदलली आणि लक्षण कधी सुरू झाले याची वही ठेवणे उपयोगी पडते, कारण डॉक्टरांपुढे ‘मला बरं वाटत नाही’ या मोघम वाक्यापेक्षा तारखांचा पुरावा अधिक बोलतो. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कशाचा परिणाम कोणता हे उलगडत नाही. जोडीदाराला त्रासाचे शारीरिक कारण स्पष्ट सांगितले, तर आपल्यावरचे प्रेम आटले हा त्याचा किंवा तिचा समज टळू शकतो. जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र भेटीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने मदत घ्यावी. १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी समुपदेशक मिळतो.

गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे अशा दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. डॉक्टरांनी तक्रार मनावर घेतली नाही, तरी हा मार्ग रुग्णाला मोकळा राहतो.